सावधान, तलावात पाणी आहे

माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव आहे आणि नावाखाली एकेक सूचना. तांदळाच्या डब्यावर 'निवडल्याशिवाय शिजवू नये'. मिठाच्या बरणीवर 'आधी चव घ्यावी, मग हात घालावा'. साखरेच्या डब्यावर 'मधुमेहींनी पुढे जावे', ही खास आमच्या ह्यांच्यासाठी. अक्षर असं की डबा रिकामा असला तरी भरलेला वाटावा. हे सगळं रंगवलं आमच्या भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाने. ते पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर पेंटर.

साखरेच्या डब्यावरून ह्यांनी कुरकुर केली तेव्हा भाऊजी म्हणाले, "दादा, सूचना लावली की आपली जबाबदारी संपली. पुढे तू आणि तुझा डॉक्टर." हे वाक्य त्यांनी तलावावरून उचलून आणलं होतं. पुढे ह्याच वाक्यापायी त्यांच्या नोकरीवर गदा आली. रोज प्रार्थना झाली की चार ओळी लिहायची मला सवय आहे, पण ही हकीगत चार ओळींत मावण्यासारखी नाही.

भाऊजींचं शाळेत कधी जमलं नाही. पेपरात उत्तर चुकायचं, पण चुकलेलं उत्तर इतकं देखणं लिहिलेलं असायचं की मास्तरांना त्यावर लाल रेघ मारायला जिवावर यायचं. सासरेबुवांनी त्यांना एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली लावून दिलं. दुकानांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर, दवाखान्यांच्या वेळा, सगळं त्यांनी रंगवलं. मुलगी पाहायला गेले तेव्हाही मुलीकडे कमी आणि समोरच्या शिंप्याच्या बोर्डाकडे जास्त पाहत बसले. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "बरी आहे. पण तिसरं अक्षर तिरकं आहे." माझ्या धाकट्या जावेला हे लग्नानंतर कळलं. अजूनही भांडण झालं की ती म्हणते, "जा, त्या तिरक्या अक्षराशीच संसार करायचा होता."

पुढे छापील बोर्ड आले आणि त्यांच्या बरोबरीचे पेंटर एकेक करून घरी बसले. भाऊजी तेवढे तरले, कारण तलावावर छापील कागद टिकत नाही. ओलाव्याने तो आठवडाभरात सुटतो आणि पाण्यावर तरंगायला लागतो. तिथे ऑइल पेंटच लागतो. काठावरचे खोलीचे आकडे, तळाच्या निळ्या रेघा, बाकं, कठडे, कपडे बदलायच्या खोल्यांचे नंबर असं वर्षभर काम पुरायचं. वरिष्ठांना उलट बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांना फक्त एक खोड आहे. सांगितलेलं काम 'हो साहेब' म्हणून घ्यायचं, आणि मग एक प्रश्न विचारायचा.

तलावाचे व्यवस्थापक तसे सज्जन गृहस्थ, पण भित्रे. छत्री आणि रेनकोट दोन्ही घेऊन निघणारे. कार्यालयात भिंतीला पाठ लावून बसायचे, कारण मागून कोणी आलेलं त्यांना चालत नसे. अशा माणसाच्या वाट्याला एके दिवशी वकिलाची नोटीस आली. एक कापडवाले तलावाच्या ओल्या पायऱ्यांवर घसरून मनगट मोडून बसले होते. पायऱ्या निसरड्या आहेत, हे तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

पालिकेच्या वकीलबाई येऊन पाहणी करून गेल्या. त्या काय म्हणाल्या ते साहेबांनी भाऊजींना आपल्या शब्दांत सांगितलं. "पेंटर, कायदा असा आहे. आपण सूचना लावली नाही तर आपण अडकलो. सूचना लावली की जबाबदारी संपली. तेव्हा आजपासून जिथे जिथे धोका, तिथे तिथे पाटी."

"हो साहेब," भाऊजी म्हणाले. "पायऱ्यांवर लिहितो, पायऱ्या निसरड्या आहेत. आणि पायऱ्या नाहीत तिथे?"

"तिथे काय?"

"तिथे फरशी आहे. तीही निसरडीच आहे."

"मग लिहा की."

"हो साहेब. आणि पाण्याचं काय करायचं?"

"पाण्याचं काय?"

"खोल कुठे, उथळ कुठे, ते आहेच लिहिलेलं. पण मुळात पाणी आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही. उद्या कोणी म्हणालं, मला कल्पना नव्हती."

साहेबांनी पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. मग म्हणाले, "लिहा. मोठ्या अक्षरात."

अशी ती पाटी लागली. निळ्या पत्र्यावर पिवळं अक्षर, अक्षराला काळी सावली: 'सावधान, तलावात पाणी आहे'. गावातली न पोहणारी माणसंही ती बघायला येऊन गेली. मग सुटलेच ते. गरम पाण्याच्या नळावर 'गरम पाणी गरम असते'. काचेच्या दारावर 'येथे काच आहे, दिसत नसली तरी'. भिंतीवर 'ही भिंत टणक आहे'. बाकावर 'बसल्यावर उठताना सावकाश'. एकदा माझी जाऊ मला हसत हसत म्हणाली, "ताई, काल ह्यांनी साहेबांना विचारलं, सूचना वाचता न येणाऱ्यांचं काय? साहेब म्हणाले, त्यांच्यासाठी वेगळी पाटी लावा. आणि ह्यांनी ती रंगवलीसुद्धा."

एकदा ते जेवायला आले तेव्हा मी भाऊजींना दटावलं. म्हटलं, "अहो, तो माणूस घाबरलेला आहे, त्याची अशी मजा काय करता?"

"मी कुठे काय करतो, वहिनी? मी विचारतो. ठरवतात ते."

"पण तुम्ही विचारलंच नाही तर ते ठरवणार नाहीत."

"आणि कोणी पडलं तर म्हणतील, पेंटरने विचारलं का नाही?" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. ह्या माणसाला बोलण्यात धरणं म्हणजे ओल्या साबणाला धरण्यासारखं.

तेव्हा आम्ही हसत होतो. मोठ्या बाईंना लागलं आणि हसू थांबलं.

मोठ्या बाई म्हणजे इथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं आहे, आणि उरलेलं अर्धं त्यांना तरीही घाबरतं. रोज सकाळी त्या तलावावर पोहायला जातात. आयुष्यभर नियम शिकवले, त्यामुळे लिहिलेला नियम दिसला की त्या तो पाळतात. कपडे बदलायच्या खोल्यांकडून तलावाकडे जायला एक अरुंद बोळ आहे. त्या बोळात सुरुवातीलाच पाटी होती, 'पायाखाली पाहून चाला'. बाईंनी वाचली आणि पायाखाली पाहून चालू लागल्या. थोडं पुढे वर टांगलेली दुसरी पाटी होती. पत्रा जाड, आणि साखळी ओलाव्याने गंजून एका बाजूने लोंबत खाली आलेली. त्या पाटीवर लिहिलं होतं, 'समोर पाहून चाला'. ती बाईंच्या कपाळावर बसली.

कपाळाला पेरूएवढं टेंगूळ आलं. बाई घरी गेल्या, बर्फ लावला आणि दुपारी तलावाच्या नावे दाव्याची नोटीस पाठवली. जी संस्था लोकांना धोक्यापासून सावध करण्यासाठी धोका टांगून ठेवते, तिने ह्याचं उत्तर द्यावं, असा मजकूर.

साहेबांनी उत्तर दिलं, पण ते बाईंना नाही, पालिकेला. पेंटरने स्वतःच्या हौसेने, कोणाच्याही आदेशाशिवाय, ठिकठिकाणी पाट्या लावल्या, त्यामुळे सदर अपघातास पेंटर जबाबदार. आदेश सगळे तोंडीच दिलेले, त्यामुळे कागदावर त्यांचा पुरावा नव्हता. पुढे लिहिलं होतं, चौकशी होईपर्यंत पेंटरने कामावर येऊ नये, आणि दोष सिद्ध झाल्यास नोकरीवरून कमी करावे.

जाऊबाई माझ्याकडे आली ती पदराने डोळे पुसतच. "ताई, छापील बोर्डांच्या जमान्यात ह्यांना आता कोण ठेवणार? ह्या वयात हे दुसरं काय शिकणार? आणि घरात बसून तरी काय करतात? काल माझ्या शिलाई मशीनवर लिहून ठेवलं, 'सुईपासून बोट दूर ठेवा'."

"ते तसंही खरंच आहे," तिच्या मागोमाग आलेले भाऊजी म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. ब्रश स्वच्छ धुऊन, कापडात गुंडाळून त्यांनी घरी कोनाड्यात ठेवून दिले होते. मी त्यांना कधी ब्रश गुंडाळताना पाहिलेलं नाही. पेंटर ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभे ठेवतो, कारण उद्या लागणार असतात.

आमच्या प्रार्थनामंडळात मोठ्या बाई माझ्या शेजारीच बसतात. त्या दिवशी प्रार्थना संपली तरी मी उठले नाही. बाईंच्या कपाळावरचं टेंगूळ आता हिरवट-निळं झालं होतं आणि त्या ते पदकासारखं मिरवत होत्या.

"बाई, एक विनंती होती," मी म्हटलं.

"दावा मागे घ्या, हीच ना?"

"हो."

"नाही घेणार."

"बाई, त्यात आमच्या भाऊजींची नोकरी जाते आहे."

"मी दावा तलावावर केला आहे, पेंटरवर नाही. त्याचं नावही मी घेतलेलं नाही."

"साहेबांनी घेतलं आहे."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. ती टेंगळापर्यंत पोचली आणि त्या कळवळल्या. "माझ्या वर्गात होता तो. फळ्यावर सुविचार त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, मनाने काहीतरी चांगलं लिही. त्याने लिहिलं, 'खडू संपत आला आहे'." मग म्हणाल्या, "मी दावा मागे घेतला तर त्या पायऱ्या तशाच राहतील. कापडवाल्याचा हात मोडला, माझं कपाळ फुटलं, तिसऱ्याचं काय मोडायची वाट बघायची? तुमची विनंती मी ऐकली, पण दावा राहणार. मात्र उद्या चौकशीला मी स्वतः येणार आहे."

घरी येऊन मी देवापुढे बसले. म्हटलं, देवा, भाऊजींची नोकरी राहू दे, आणि उद्याच्या दिवसापुरती तरी त्यांना तोंड बंद ठेवायची बुद्धी दे. दोन मागण्या एकदम करू नयेत म्हणतात, पण दुसरीशिवाय पहिली पुरी होईल असं मला वाटत नव्हतं.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली. भाऊजींनी जे सांगितलं त्यातलं निम्मं धरायचं असतं. पण मोठ्या बाई तिथे होत्या आणि बाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिते.

वकीलबाई मधल्या खुर्चीवर, साहेब भिंतीला पाठ लावून, मोठ्या बाई खिडकीशी आणि भाऊजी दाराजवळ उभे. वकीलबाईंनी साहेबांना विचारलं, "ह्या पाट्या लावायला तुम्ही सांगितलं होतं?"

"छे. मी एकही पाटी लावायला सांगितलेली नाही. पेंटरला आवड आहे त्याची."

"एकही नाही?"

"एकही नाही. मी तसा पाट्यांच्या विरुद्धच आहे."

वकीलबाई भाऊजींकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "साहेब सांगतात तसंच असेल."

हे सांगताना मोठ्या बाई मला म्हणाल्या, "मला वाटलं, पोरगा घाबरला." मी मात्र हे ऐकताना मनात देवाचे आभार मानत होते, की माझी दुसरी मागणी पुरी झाली.

तेवढ्यात चहा आला. चहावाल्याने ट्रे दारातच भाऊजींच्या हातात दिला. भाऊजी वळले, ट्रे कलला, आणि एक कप दाराच्या तोंडाशीच पालथा झाला. चहा फरशीवर पसरला.

साहेब ताडकन उठले. "अहो पेंटर, पाटी आणा, पाटी. आधी पाटी लावा, मग पुसायचं बघू."

"हो साहेब," भाऊजी म्हणाले. "काय लिहू?"

"लिहा, येथे चहा सांडला आहे, सांभाळून..."

आणि साहेब थांबले. हात तसाच पुढे राहिला. चहाचा ओघळ तेवढा सावकाश उंबऱ्याकडे निघाला होता.

"सांगा ना," वकीलबाई म्हणाल्या. "सांभाळून काय? सांभाळून चाला, की सांभाळून प्या?"

साहेब खाली बसले.

मोठ्या बाई उठल्या. आपल्या पिशवीतून टॉवेल काढला आणि खाली वाकून चहा पुसून टाकला. भाऊजी मदतीला धावले तर त्यांना म्हणाल्या, "तू उभा राहा." टॉवेल पिळून झाल्यावर साहेबांकडे बघून म्हणाल्या, "पुसायला एवढाच वेळ लागतो."

मग वकीलबाई बोलल्या, आणि मोठ्या बाईंनी ते मला शब्दन् शब्द सांगितलं, कारण चांगलं वाक्य ऐकलं की ते पाठ करायची त्यांना सवय आहे. "मी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पायऱ्या दुरुस्त करा, आणि दुरुस्त होईपर्यंत सूचना लावा. तुम्ही पहिली गाळली."

"दुरुस्तीला वरून मंजुरी लागते," साहेब पुटपुटले. "पाटीला फक्त पेंटर लागतो."

"पाटीने पायरी कोरडी होत नाही. उलट, इथे धोका आहे हे आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही तो ठेवला, असं तुम्ही ठिकठिकाणी रंगवून टांगलं आहे. उद्या कोणी दावा केला तर त्याला पुरावा शोधत फिरावं लागणार नाही. तलावभर फिरलं की झालं."

साहेबांनी विचारलं, "मग आता सगळ्या पाट्या काढायच्या?"

"ज्यांना अर्थ आहे त्या ठेवा. बाकीच्या काढा. पायऱ्यांना खरखरीत पट्ट्या बसवा, बोळातली साखळी बदला. आणि पेंटरला जे सांगायचं ते यापुढे तोंडी सांगू नका. लिहून, खाली सही करून द्या."

भाऊजींची नोकरी राहिली. 'कामात अतिउत्साह टाळावा' अशी समज तेवढी देण्यात आली. दुरुस्ती सुरू झाली आणि मोठ्या बाईंनी पायऱ्यांवरून स्वतः अनवाणी चढउतर करून पाहिल्यावरच दावा मागे घेतला. साहेबांचं मात्र अवघड झालं. कारण लेखी आदेशाचा नियम भाऊजींनी असा मनावर घेतला की विचारू नका.

"पेंटर, जरा ती पाटी काढा."

"हो साहेब. लिहून द्या."

"अहो, समोरचीच. ती भिंत टणक आहे म्हणणारी."

"हो साहेब. पण 'ती' म्हणजे कोणती, तेही लिहा. उद्या चुकून दुसरी काढली तर अतिउत्साह व्हायचा."

एकेका पाटीसाठी साहेबांना एकेक कागद लिहावा लागला. म्हणे मधेच एकदा त्यांचं बोट दुखायला लागलं तेव्हा भाऊजींनी विचारलं, पेनावर काही सूचना लिहू का? साहेब नको म्हणाले. भाऊजी म्हणाले, "नको, हेही लिहून द्या."

'सावधान, तलावात पाणी आहे' ही पाटी मात्र राहिली. वकीलबाईंनी ती अर्थ नसलेल्यांत धरली होती, पण पोहणाऱ्यांनीच ती काढू दिली नाही. ती पाहून पाण्यात उतरायला बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

चौकशीच्या दिवशी भाऊजी सरळ आमच्याकडेच जेवायला आले होते. जाऊबाईही आली होती आणि नवऱ्याच्या ताटात नको नको म्हणताना वाढत होती. मी समोर बसले. म्हटलं, "भाऊजी, एक विचारते. तो कप तुम्ही मुद्दाम सांडलात का?"

"ट्रे ओला होता, वहिनी."

"मनगटाखाली आधाराची काठी धरून तुम्ही आयुष्यभर सरळ रेघा ओढल्या, आणि तुमच्या हातून ट्रे कलला?"

"वय झालं आता."

"देवाची शपथ घेऊन सांगा."

भाऊजींनी घास खाली ठेवला. अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "शपथ कशाला, वहिनी? तुमचा देव तिथेच होता. त्याने सगळं पाहिलंय. त्यालाच विचारा." आणि पुन्हा जेवायला लागले.

रात्री प्रार्थनेच्या वेळी मी विचारलं. उत्तर आलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी फार आग्रह धरूनही विचारलेलं नाही.